सहा मंगळवार

आमच्या विभागाला चाळीस वर्षं होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहासाचं प्रकरण माझ्या गळ्यात पडलं. मला निवृत्त होऊन सात वर्षं झाली होती. आताचे संचालक म्हणजे माझाच एकेकाळचा विद्यार्थी. फोनवर म्हणाला, "मॅडम, तुमच्याशिवाय कुणाला जमणार? सुरुवातीपासूनच्या तुम्ही एकट्याच उरलात." 'उरलात' हा शब्द त्याने जरा जपून वापरायला हवा होता, पण ते जाऊ दे. "स्मृतीवर काम करणाऱ्यांची स्मरणिका आणि त्यात कुणालाच काही आठवत नाही, असं नको व्हायला," असं म्हणून तो स्वतःच हसला. मलाही हसू आलं. मी हो म्हटलं.

पहिली दहा पानं झरझर उतरली. एकेकाळी लोकांना वाटायचं की आठवणी काळजात राहतात. मग त्या मेंदूत आल्या, पण मेंदूत कुठे, हे कुणाला सांगता येईना. एका गृहस्थाने स्वतःवरच प्रयोग केले. अर्थ नसलेली अक्षरं हजारोंनी पाठ करायची आणि किती दिवसांत किती विसरतो ते मोजायचं. दुसऱ्या एकाने तीस वर्षं उंदरांच्या मेंदूचे तुकडे काढून पाहिले, आणि कुठलाही तुकडा काढला तरी उंदीर थोडं विसरतो, सगळं विसरत नाही, एवढंच त्याच्या हाती लागलं. आणखी एका डॉक्टरने बोटांत टाचणी लपवून, काहीच लक्षात न राहणाऱ्या एका बाईच्या हातात हात दिला. पुढच्या वेळी तिला डॉक्टर आठवेना, टाचणी आठवेना, पण तिने हात पुढे केला नाही. का, ते तिला सांगता येईना. हा किस्सा मी तीस वर्षं वर्गात सांगितला. त्या बाईला किती टोचलं असेल, असं एकाही विद्यार्थ्याने कधी विचारलं नाही. मी विचारावं असं मलाही कधी वाटलं नाही.

मग आमचा स्वतःचा भाग आला. तिथे मिस्त्रींशिवाय गत्यंतर नव्हतं.

मिस्त्री म्हणजे आमचा सगळ्यात गाजलेला रुग्ण. व्यवसायाने गवंडी. अडतिसाव्या वर्षी एका इमारतीच्या परांचीवर लोखंडी सळई उचलताना ती विजेच्या तारेला लागली. हृदय काही मिनिटं बंद पडलं. डॉक्टरांनी ते पुन्हा चालू केलं, पण तेवढ्या वेळात मेंदूचा जो भाग हवेवाचून सगळ्यात आधी गुदमरतो, नव्या आठवणी साठवणारा, तो दोन्ही बाजूंनी गेला. अपघातापर्यंतचं आयुष्य त्यांना स्वच्छ आठवायचं. कोणत्या भिंतीला किती विटा लागल्या ते सांगायचे. पण त्यानंतरचं काही म्हणता काही पंधरा-वीस मिनिटांपलीकडे टिकायचं नाही. मी त्यांना अठरा वर्षं भेटले. दर भेटीत ते उठून उभे राहायचे, हात जोडायचे आणि म्हणायचे, "नमस्कार बाई. आपण पहिल्यांदाच भेटतोय ना?"

त्यांची मोठी बहीण त्यांना घेऊन यायची. आम्ही सगळे तिला ताई म्हणायचो, कारण मिस्त्री तशी हाक मारायचे. शाळेचे गणवेश शिवायची. दंडाला टाचण्यांची गादी बांधलेलीच असायची, ती काढायला विसरून तशीच यायची. मिस्त्रींची बायको अपघातानंतर दोन वर्षांनी आजारपणात गेली, तेव्हा ताई स्वतःची खोली सोडून भावाच्या घरी राहायला आली. ते दोन खोल्यांचं घर मिस्त्रींनी लग्नाआधी स्वतःच्या हातांनी बांधलेलं. तिथे त्यांना काही विचारावं लागायचं नाही. काड्यापेटी कुठे, कुठली पायरी उंच, सगळं हाताला ठाऊक. घराबाहेर पडले की मात्र लहान मुलासारखे ताईचा पदर शोधायचे.

बायको गेली हे त्यांच्या डोक्यात राहायचं नाही. दिवसातून दोन-तीनदा विचारायचे, "ही कुठे गेली?" ताई म्हणायची, "बाजारात गेलीय, येईल." ते "बरं" म्हणून कामाला लागायचे. सुरुवातीला ताईने दोनदा खरं सांगून पाहिलं होतं. "मला ते दुसऱ्यांदा बघवलं नाही, बाई," ती मला म्हणाली होती. "तेव्हापासून आमच्याकडे ती बाजारातच असते."

हे मला माहीत होतं. तिनेच विश्वासाने सांगितलं होतं. म्हणूनच ती कल्पना मला सुचली.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते. आमचे सर, म्हणजे विभाग स्थापन करणारे प्रमुख, रोज विचारायचे, "नवीन काय?" मिस्त्रींवर आम्ही तोवर केल्या तसल्या तपासण्या जगभर लोक करतच होते. आरशात बघून चांदणी काढायला दिली, तर दर आठवड्याला हात सुधारतो, पण आपण हे आधी केलंय हे माणसाला आठवत नाही, वगैरे. हाताची आठवण वेगळी आणि डोक्याची वेगळी, हे सिद्ध झालं होतं. मला पुढचा प्रश्न हवा होता. दुःखाची बातमी विसरली, तर दुःखही जातं का? की बातमी जाते आणि दुःख मागे राहतं?

सरांना मी योजना सांगितली. सहा मंगळवारी मिस्त्रींना बायकोच्या मृत्यूची बातमी द्यायची. मधल्या सहा मंगळवारी एखादी साधी बातमी, पूल दुरुस्तीसाठी बंद आहे, अशी. तळहाताचा घाम मोजणारं यंत्र लावून ठेवायचं. बातमी विसरली की समोर हसऱ्यापासून रडव्यापर्यंत सात चेहऱ्यांची चित्रं ठेवायची आणि आत्ता कसं वाटतंय ते दाखवायला सांगायचं.

सरांनी पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाले, "त्यांच्या बहिणीची सही आहे ना?"

"आहे. स्मृतीच्या तपासण्यांसाठी."

"मग झालं. खोटं तर काही सांगत नाही आपण."

खरंच, खोटं काही नव्हतं. त्या वाक्याला मी पुढे कितीतरी वर्षं धरून बसले.

बातमी मीच द्यायचे. दर वेळी शब्द तेच, आवाज तोच, नाहीतर मोजमापात फरक पडला असता. ताई बाहेरच्या बाकावर शिवणाच्या गुंड्या लावत बसलेली असायची. मध्ये एक दार आणि चार पावलांचा बोळ.

मिस्त्रींसाठी ती दर वेळी पहिलीच वेळ असायची.

असं बारा आठवडे चाललं. शेवटी शेवटी मिस्त्री खोलीच्या उंबरठ्यावरच थांबायला लागले. मला ओळखत नव्हते, खोली ओळखत नव्हते, पण पाय आत पडेना. "इथे नको बसायला," म्हणाले. मी विचारलं, "का हो?" त्यांनी इकडे-तिकडे बघितलं, कारण सापडेना. मग गवंड्याच्या सवयीने भिंतीवर तळवा ठेवला आणि म्हणाले, "भिंतीत ओल आहे. माणसाला बाधते." भिंत ठणठणीत कोरडी होती.

या एका वाक्याने माझं आयुष्य घडवलं. शोधनिबंध छापून आला. बातमी जाते, दुःख राहतं, हे आकड्यांनिशी सिद्ध झालं. आणि माणसाला दुःखाचं कारण ठाऊक नसेल तर तो जवळचं कुठलंतरी कारण बनवतो, याचं उदाहरण म्हणून ती भिंतीतली ओल पाठ्यपुस्तकांत गेली. मला परदेशात दोन वर्षांची शिष्यवृत्ती मिळाली. परिषदांमध्ये मी तो प्रसंग रंगवून सांगायचे. मिस्त्रींसारखा तळवा उचलून, हवेतल्या भिंतीवर ठेवून, त्यांच्या आवाजात. लोक पोट धरून हसायचे. हशा कुठे पडणार ते मला पक्कं माहीत झालं होतं, तिथे मी थांबायचे.

तर, त्या वर्षीची नोंदवही शोधायला मी विभागाच्या तळमजल्यावरच्या कोठीत गेले. लोखंडी कपाटाचं दार अर्ध्यावर अडकतं, ते तसंच अडकलं. तिरकी होऊन हात घातला आणि हिरव्या कापडी बांधणीची वही ओढून काढली. तिथेच स्टुलावर बसून उघडली. माझं अक्षर. तेव्हा मी फार टापटिपीचं लिहायचे.

'२.१० बातमी दिली. २.११ रडू. २.१४ "कधी गेली? मी होतो का तिथे?" होतात, असं सांगितलं. "मग मला कसं आठवत नाही?" ... २.३१ बातमी विसरला. २.३५ चेहरा क्र. सहा. कारण विचारता: "झोप झाली नसेल."'

पुढच्या पानावर त्या दिवशीचा घामाचा आलेख चिकटवलेला. सुई एकदम वर गेलेली, कागदाच्या काठापर्यंत. त्याच्या बाजूला समासात, लाल शाईने, मी लिहिलं होतं, 'छान!'

तो शब्द मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून मी मागे वळून बघितलं. कोठीत माझ्याशिवाय कुणी नव्हतं, तरी कान तापले होते. सदुसष्ट वर्षांची बाई मी, चोरी करताना सापडल्यासारखी वहीवर हात ठेवून बसले.

आणि मग त्या बाकावरचं आठवलं. विसरले होते असं म्हणणं खोटं होईल. बाजूला सारून ठेवलं होतं.

चौथ्या मंगळवारनंतरची गोष्ट. ताईने मला बोळात थांबवलं. हातात मुलांचा सदरा, अर्ध्या गुंड्या लावलेला. "बाई, एक विचारू? हल्ली इथून घरी गेलं की भाऊ रडतो. संध्याकाळपर्यंत नुसता बसून राहतो, जेवत नाही. विचारलं तर म्हणतो, काही नाही. तिकडे आत काही होतं का?"

तिला उत्तर द्यायला मला अर्धं मिनिटही लागलं नाही. म्हणाले, "तपासण्यांनी थकवा येतो, ताई. आणि घरात वहिनींच्या वस्तू समोर असतील ना? त्यांनी कुठेतरी आत काहीतरी ढवळत असेल."

"असं होतं?"

"होऊ शकतं."

तिने मान डोलावली. माझ्यावर तिचा इतका विश्वास होता की तिने मला 'थँक्यू' म्हटलं.

देहदानाच्या अर्जावर ताईचा पत्ता होता. मिस्त्री वारले तेव्हा त्यांचा मेंदू आम्हाला द्यायचा अर्ज तिनेच भरला होता. पत्ता बदलला नसेल तर ती शहरातच होती, पाऊण तासाच्या बसच्या अंतरावर. जायचं ठरवायला मला नऊ दिवस लागले. एकदा तर तिच्या रस्त्याच्या तोंडापर्यंत जाऊन एका दुकानातून नको असलेला साबण विकत घेऊन परत आले.

दहाव्या दिवशी गेले. दुसरा मजला, जिना अरुंद. दार ताईनेच उघडलं. शहाऐंशी वर्षांची, पाठीत वाकलेली, पण नजर तशीच, कापड बघावं तशी माणसाला वरून खाली बघणारी.

"तपासणीच्या बाई," ती म्हणाली. "म्हाताऱ्या झालात की."

खोलीत खिडकीपाशी जुनं शिवणयंत्र होतं. तिने खुर्चीवरच्या कपड्यांचा ढीग उचलून मला जागा करून दिली आणि स्वतः पलंगावर बसली. चहा ठेवू का म्हणाली. मी नको म्हटलं. मला वाटत होतं, तिच्या घरचा चहा पिऊन मग हे सांगणं म्हणजे आणखी एक फसवणूक होईल.

मी सांगितलं. काही गाळलं नाही, निदान तसा प्रयत्न केला. मध्येच मी शास्त्रीय भाषेत शिरत होते, 'भावनिक प्रतिसाद' वगैरे, तेव्हा ती म्हणाली, "सरळ बोला." मग सरळ बोलले. तुमच्या भावाला मी सहा वेळा सांगितलं की त्यांची बायको गेली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी तुमच्याशी खोटं बोलले.

 ताई म्हणाली, "सहा?"

"सहा."

"मी दोनदा सांगितलं होतं. मला ते पाप वाटायचं अजून." तिने पलंगाची चादर हाताने सारखी केली. "तुम्ही त्या दिवशी म्हणालात, घरातल्या वस्तूंनी होत असेल. तुम्ही शिकलेल्या. मी घरी जाऊन तिचे कपडे काढले. भांड्यांवर तिचं नाव होतं, ती भांडी देऊन टाकली. आरसा काढला. तरी मंगळवारी रडायचाच. पुढेही कित्येक महिने, तिकडून आला की नुसता बसून राहायचा. मग मला वाटलं, घरच बाधतंय त्याला. तिच्या हातचं सारवण, तिची चूल, मी किती काढणार? तुम्ही परदेशी गेलात त्या वर्षी मी त्याला शुश्रूषागृहात ठेवला. घर विकून टाकलं."



ते शुश्रूषागृह मला माहीत होतं. परदेशातून आल्यावर मिस्त्रींना तिथला एक सेवक घेऊन यायचा. नऊ वर्षं ते तिथे होते, शेवटपर्यंत. दररोज सकाळी उठून विचारायचे, मी कुठे आहे? एकदाही त्यांना ती जागा ओळखीची झाली नाही, होणं शक्यच नव्हतं. जगात एकच घर असं होतं जे त्यांना न विचारता कळत होतं, आणि ते का कळत होतं यावर मी व्याख्यानं देत होते. ताईने त्यांना तिथे का ठेवलं, हे मी कधी विचारलं नाही. मी आपली धरून चालले होते की बाई थकली. एवढंच नाही, सहकाऱ्यांशी बोलताना मी म्हणायचे, "बहिणीने शेवटी हात झटकले." किती वेळा म्हटलं असेन.

हेही मी तिला सांगितलं. सांगायला नको होतं की काय, अजून कळत नाही. पण तिथे बसून आणखी काही लपवणं मला जमेना.

"हात झटकले," ती म्हणाली. नुसता शब्द उच्चारून बघितल्यासारखी.

"ताई, मी माफी मागायला आले."

"माझ्याकडे? ज्याची मागायची तो गेला. आणि असता तरी तुम्ही मागितलेली माफी पंधरा मिनिटांत विसरला असता. तुमचं बरं आहे हो." ती चिडून बोलली नाही, तेच जास्त लागलं. "तुम्ही आज मला सांगून मोकळ्या झालात. मी कुणाला सांगू? त्याला त्याच्या घरातून मी काढला. कुणी बळजबरी नव्हती केली."

मी म्हटलं, "मी सांगितल्यामुळे काढलात."

"हो. पण हात माझे होते ना."

मी उठले. दारापर्यंत गेले तेव्हा तिने मागून विचारलं, "ते सगळं लिहिलेलं आहे म्हणालात. तो काय काय बोलला, तेही लिहिलंय?"

"आहे. शब्द न् शब्द."

"ती गेली त्यावर तो माझ्याशी कधी बोलला नाही. मी बोलूच दिलं नाही त्याला. नेहमी बाजारात." ती थांबली. "ती वही घेऊन या. मला वाचून दाखवा."

पुढच्या आठवड्यात मी वही घेऊन गेले. बाहेर नेण्याची परवानगी नव्हती, मी मागितलीही नाही. पिशवीत घातली आणि निघाले. ताईने खिडकी लावून घेतली, रस्त्याचा आवाज नको म्हणून. चष्मा पुसून मी पहिल्या मंगळवारपासून सुरुवात केली.

लिहिताना मला जे आकडे वाटले होते, ते मोठ्याने वाचताना माणूस होऊन समोर यायला लागले. पहिल्या वेळी मिस्त्रींनी विचारलं होतं, "त्रास झाला का तिला?" दुसऱ्या वेळी, "माझ्यासाठी काही म्हणाली का?" यावर मी काय उत्तर दिलं ते वहीत होतं: 'माहीत नाही, असं सांगितलं.' तिसऱ्या वेळी रडू ओसरेपर्यंत ते काही बोललेच नाहीत, फक्त बोटांनी टेबलाच्या कडेवर विटा रचल्यासारखं करत राहिले. तिथे मी लिहिलं होतं, 'निरर्थक हालचाल.' ताईने हात वर करून मला थांबवलं. "निरर्थक नाही ते. आई गेली तेव्हाही असंच करायचा." मग म्हणाली, "वाचा."

आणि दर वेळी, सहाच्या सहा वेळा, रडू ओसरल्यावर मिस्त्रींनी तेच विचारलं होतं. "ताईला कळलं का?" मी ठरल्याप्रमाणे म्हणायचे, "अजून नाही." हे मात्र खोटंच होतं. त्यावर ते डोळे पुसून सावरून बसायचे. "मग तुम्ही सांगू नका. मी सांगतो तिला. मी सांगेन नीट." मग वेळ: २.२६. मग वेळ: २.३१, बातमी विसरला.

ते मी पाचव्यांदा वाचलं तेव्हा ताईने तोंड फिरवलं. तिची पाठ हलत होती. मी थांबले, तर म्हणाली, "थांबू नका. एक राहिला ना अजून?"

सहाव्या मंगळवारच्या नोंदीत मिस्त्री मला म्हणाले होते, "बाई, तुम्हाला सांगायला लावलं कुणीतरी. असलं काम बाईमाणसाला देऊ नये. तुम्ही पाणी घ्या." समोरचा पेला त्यांनी माझ्याकडे सरकवला होता. वहीत त्याचं वर्णन 'परानुभूती शाबूत' असं होतं. मी ते तसंच वाचलं. 'छान!' सुद्धा वाचलं. 

ताईने वही मागून घेतली. वाचता येत होतं तिला, डोळ्यांनी दिसत नव्हतं एवढंच. तिने ती मांडीवर धरली, लाल शाईवरून बोट फिरवलं. "हे छापणार का तुम्ही तुमच्या पुस्तकात?"

"छापेन."

"आणि मी हात झटकले नाहीत, तेही."

"तेही."

मी प्रकरण नव्याने लिहिलं. पहिली दहा पानं दोन पानांत आणली. बाकी सगळे मंगळवार, बाक, माझं खोटं, विकलेलं घर आणि शुश्रूषागृह. संचालकांनी वाचून मला बोलावलं. खोलीचं दार लावलं. "मॅडम, हे फार प्रामाणिक आहे," तो म्हणाला. प्रामाणिक हा शब्द त्याने आजाराचं नाव घ्यावं तसा घेतला. "पण हा समारंभाचा अंक आहे. सरांचे घरचे येणार आहेत. तेव्हाचे नियम वेगळे होते, आजच्या फूटपट्टीने..."

"तेव्हाही खोटं बोलणं हे खोटंच होतं," मी म्हटलं. "आणि सरांवर ढकलायला जागा नाही. कल्पना माझी होती."

"निदान तो लाल शाईचा उल्लेख तरी..."

"तो गेला तर माझं नावही काढ."

पंधरा दिवस ओढाताण चालली. अखेर छापलं, पण शेवटी, परिशिष्ट म्हणून, बारीक टायपात. इतिहासाच्या जागी दुसऱ्या एका प्राध्यापकाचा लेख आला. त्यात भिंतीतल्या ओलीचा किस्सा होताच. मी ज्या नियतकालिकात मूळ निबंध छापला होता, त्यांनाही पत्र लिहिलं. त्यांनी तीन ओळींची टीप टाकली की संमती अपुरी होती.

प्रकाशनाच्या दिवशी मला दहा मिनिटं बोलायला दिली. बहुधा जुन्या माणसाला नाही कसं म्हणायचं म्हणून. मी परिशिष्टातला एक भाग वाचला. सभागृहात खुर्च्या करकरल्या, कुणी हसलं नाही. सरांची मुलगी पहिल्या रांगेत मान खाली घालून बसली होती. माझ्याकडून विद्या घेतलेले कितीतरी जण समोर होते, आणि एकाचीही नजर मला पकडता येईना. की मीच कुणाकडे बघत नव्हते, देव जाणे.

मागच्या रांगेतली एक विद्यार्थिनी उठली. वीस-बावीस वर्षांची असेल. जरा अडखळत म्हणाली, "मॅडम, पण निष्कर्ष बरोबर होता ना? म्हणजे, नंतर इतरांनीही तपासला. आज स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्यांना आपण तेच शिकवतो. रुग्ण विसरला तरी त्याच्या मनात राहतं, म्हणून जपून वागा, असं."

"हो," मी म्हटलं. "बरोबर होता."

ती उभीच होती, आणखी काहीतरी हवं असल्यासारखी. मी म्हटलं, "म्हणूनच त्यांना किती दुखलं, हे मला अंदाजाने नाही, नक्की माहीत आहे. आम्ही मोजलं होतं."

ती खाली बसली. सूत्रसंचालकाने आभार मानले, कार्यक्रम पुढे सरकला. स्मरणिकेची एक प्रत मी ताईला पोस्टाने पाठवली, स्वतः जायचा धीर झाला नाही. पोचपावतीवर तिची वाकडीतिकडी सही आली. पत्र आलं नाही, आणि ते यावं अशी अपेक्षा करायचा मला अधिकारही नाही.